बंद पडद्यावरचा रस्ता

डावा पडदा बंद होता, आणि मिर्योंगला त्यावर रस्ता दिसत होता.

पडदा बंद आहे हे तिला मागाहून कळलं, लेकीनं सांगितल्यावर. तोवर ती लेकीच्या खुर्चीत ताठ बसून, टेबलाला चापानं आवळलेलं ते नकली पण बऱ्यापैकी जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, सांगितल्याप्रमाणे नाकासमोर बघत होती. समोरच्या पडद्यावर चढ होता, दोन्ही अंगांना घरं होती, विजेचे खांब एकेक करत मागे सरकत होते. ईसुल मागून विचारत होती, "आता? आता बाजूचं ताणल्यासारखं दिसतंय का?" आणि मिर्योंग म्हणाली होती, "नाही ग. आता अगदी खऱ्यासारखं आहे. आता हात लावू नकोस." खाली गोदीत कुणीतरी जहाजाच्या पत्र्यावरचा गंज ठोकून काढत होतं, त्याचा ठणठण आवाज तेवढा खिडकीतून येत राहिला. मग ईसुल म्हणाली, "आई, डावीकडचा मॉनिटर बंद आहे. वायर निघालीय. मघापासून बंद आहे." मिर्योंगनं मान वळवली. काळी काच होती. काचेवर धुळीचा थर होता आणि त्यात तिचाच चेहरा, केस मागे बांधलेले, तोंड किंचित उघडं. "तूच म्हणालीस ना समोर बघ म्हणून," ती म्हणाली. "हो," ईसुल म्हणाली, आणि टेबलाखाली वाकून वायर लावायला लागली. वायर लावायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती टेबलाखाली राहिली.

खरं तर त्या रविवारी मिर्योंगला या खुर्चीत बसवण्यात लेकीचा स्वार्थच होता. ईसुल एका छोट्या कंपनीसाठी घरी बसून कॉम्प्युटरवरचे गाड्यांचे खेळ तपासायची. खेळात काय चुकतं ते शोधायचं आणि लिहून कळवायचं, हीच तिची नोकरी. तीन मॉनिटर शेजारीशेजारी लावून खेळणाऱ्यांची तक्रार होती की मधला पडदा ठीक असतो, पण बाजूच्या दोन्ही पडद्यांवर चित्र ताणलं जातं. गाडीची चाकं अंड्यासारखी होतात, रस्त्याकडेची माणसं कडेला येता येता आडवी पसरतात, खांब जाडजूड होतात आणि जवळ आले की अंगावर झेपावल्यासारखे निघून जातात. काहींना गरगरतं, काहींना ओकारी येते. ईसुलनं तिला समजावून सांगितलं होतं. जग आपल्याभोवती आहे, आणि खेळ ते एका सपाट काचेवर काढतो. काच जितकी बाजूला पसरावी तितकं चित्र ओढावं लागतं, शेवयांचं पीठ ओढावं तसं. यावर उपाय असा की बाजूचे पडदे पुस्तकाच्या पानांसारखे आत दुमडायचे, डोळ्यापासून काच किती लांब आहे ते फीत लावून मोजायचं, दुमडलेल्या पडद्याचा कोन मोजायचा, आणि ते आकडे खेळाला सांगायचे. मग खेळ तिन्ही पडद्यांसाठी तीन वेगळी चित्रं काढतो आणि सगळं जागच्या जागी बसतं. पण बसतं ते एकाच जागेवरून. डोळा जरा इकडेतिकडे झाला की पुन्हा सगळं वाकडं. "तू अकरा वर्षं या टेकडीवर बस चालवतेस," ईसुल म्हणाली होती. "खरं कसं दिसतं ते तुझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? आमच्याकडे सगळे खुर्चीतले ड्रायव्हर." मिर्योंगला ते ऐकून बरं वाटलं होतं. ईसुलनं तिच्या नाकाच्या शेंड्यापासून काचेपर्यंत फीत धरली, तेव्हा शिंप्यापुढे उभं राहिल्यासारखं तिला हसू आलं होतं. पडदे सरळ रेषेत असताना ती म्हणाली, ठीक आहे. दुमडल्यावर म्हणाली, ठीक आहे. आकडे बदलल्यावरही ठीक. ईसुल वैतागली होती, "अगं, सगळंच कसं ठीक?"

दुपारी दोघी थंड शेवयांचे वाडगे घेऊन बसल्या. बर्फाचे तुकडे वाडग्यात किणकिणत होते. ईसुल नेहमी समोर बसायची, आज डावीकडे येऊन बसली. मिर्योंगच्या ते लक्षात आलं आणि लक्षात आलंय हे तिनं दाखवलं नाही. मुळ्याच्या लोणच्याची बशी कुठे गेली म्हणून ती टेबलावर शोधायला लागली, आणि मग मान वळवल्यावर दिसलं की ईसुल ती बशी केव्हाची तिच्या डाव्या कोपराशी हवेत धरून बसली आहे. लेकीचा चेहरा लहानपणी ताप मोजताना व्हायचा तसा झाला होता, आकडा ऐकायच्या आधीचा.

"कधीपासून?" ईसुलनं विचारलं.

"काय कधीपासून? मी खाण्यात होते."

"उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. तुझी दुपारपाळी आहे ना? मग सकाळी. मी येते बरोबर."

"वाचायला चष्मा लागत नाही मला अजून. दुकानाच्या पाट्या तुझ्याआधी वाचते मी."

"पाट्या समोर असतात, आई."

कधीपासून, हा प्रश्न मात्र मिर्योंगनं सोडला नाही, किंवा त्यानं तिला. भांडी घासताना, गच्चीवरचे कपडे काढताना ती एकेक दिवस उचलून बघत राहिली. एप्रिलमध्ये शाळेच्या वळणावर तो जेवणाचे डबे पोचवणारा स्कूटरवाला, त्यानं बसच्या पत्र्यावर मूठ आपटली होती आणि खिडकीशी येऊन म्हणाला होता, "मावशी, डोळे घरी विसरून आलीस का?" तिनं काच खाली करून त्याला असं झापलं होतं की मागच्या बाकावरच्या बायका टाळ्या पिटायच्या बाकी होत्या. त्याच्या आधी हिवाळ्यात डावा आरसा कुणाच्यातरी मासे वाळवायच्या जाळीला घासला होता. जाळी रस्त्यावर आलेली, असं ती म्हणाली होती, आणि जाळीवाल्या बाईनंही ते मान्य केलं होतं, कारण मिर्योंगचा शब्द टेकडीवर चालायचा. या बसडेपोतली ती पहिली बाई ड्रायव्हर. अकरा वर्षांत एक ओरखडा नाही, असं साहेब नव्या माणसांना सांगायचे. आता ती ओरखडे मोजायला बसली, आणि प्रत्येक ओरखड्याला तिनं त्या त्या वेळी काहीतरी नाव दिलेलं होतं. ऊन, गर्दी, मूर्ख स्कूटरवाला, रस्त्यात आलेली जाळी. डावीकडचं जग हळूहळू कमी होत गेलं होतं आणि ते कमी झालेलं तिला एकदाही रिकामं दिसलं नव्हतं. अंधार दिसला असता तर ती घाबरली असती. तिथे तर नेहमीचा रस्ता होता. भिंत, फाटक, हायड्रेंजियाच्या फुलांच्या कुंड्या. मनानं कालचा रस्ता आजच्यावर चिकटवून दिला होता, फाटक्या पडद्याला आतून ठिगळ लावावं तसा, आणि शिवण इतकी बारीक की शिवणाऱ्यालाही दिसू नये.

मिर्योंगची आई समुद्रात बुड्या मारून शंख आणि गोगलगायी काढायची. दूरच्या जेजू बेटावरून लग्न करून या गोदीच्या बेटावर आली आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत इथल्या खडकांखाली उतरत राहिली. नऊ वर्षांची असताना मिर्योंगनं एकदा हट्टानं तिची पाण्यात बघायची काच तोंडावर बांधली होती. पाण्याखाली खडकाला चिकटलेला शंख केवढा तरी मोठा आणि हाताशी दिसला, आणि तिनं झडप घातली तर मुठीत नुसतं पाणी. पुन्हा घातली, पुन्हा पाणी. वर आल्यावर आई हसून हसून तिला धरून तरंगत राहिली. "पाण्यात सगळं जवळ येऊन बसतं," आई म्हणाली होती. "हाताला शिकवावं लागतं. डोळ्याला शिकवून उपयोग नाही, तो ऐकत नाही." म्हातारपणी तिला बुड्या मारणाऱ्या बाकीच्या बायकांनी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाठवलं होतं. तिथले शंख तरण्या बायकांनी काढायचे नाहीत अशी त्यांची रीत होती. आई महिनाभर कुरकुरली, मला बालवाडीत घातलं म्हणाली, पण गेली. कंबरभर पाण्यात ओणवी होऊन दिवसाला अर्धी टोपली भरायची आणि संध्याकाळी ती टोपली अशी दाखवायची जणू समुद्राच्या तळाला जाऊन आली. टेकडीवरच्या रस्त्याला उथळ भाग नव्हता. पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत तो सारखाच अरुंद, सारखाच चढाचा होता, आणि प्रत्येक थांब्यावर माणसं उभी असायची.

दवाखान्यात तिला एका पांढऱ्या अर्ध्या गोळ्यात तोंड घालून बसायला सांगितलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कुठेही ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. आधी ठिणग्या भराभर आल्या आणि तिनं भराभर दाबल्या. मग त्या थांबल्या. बराच वेळ काही आलं नाही. तो पांढरा पोकळ घुमट तिच्याभोवती शांत उभा होता, बर्फ पडून गेलेल्या सकाळसारखा, आणि तिला वाटलं, यंत्र बिघडलं असणार. पण यंत्राच्या आत कसलीतरी बारीक टकटक चालू होती, ठरलेल्या अंतरानं, आणि तिच्या लक्षात आलं की प्रत्येक टकटकीला एक ठिणगी येते आहे. तेव्हा तिनं आवाजावर बटण दाबायला सुरुवात केली. चार-पाच वेळा दाबलं. मग स्वतःचीच लाज वाटून थांबली.

डॉक्टर तिशीतली, बारीक आवाजाची बाई होती. तिनं दोन कागद समोर ठेवले. मधोमध उजेड, भोवती काळं. डाव्या अंगाला काळं कडेपर्यंत. "मधली नजर उत्तम आहे तुमची," ती म्हणाली, "म्हणूनच इतके दिवस कळलं नाही. काचबिंदू आहे. थेंब रोज न चुकता घालायचे, म्हणजे आहे ते टिकेल. गेलंय ते परत येत नाही." मग कागदावरच काहीतरी लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "गाडी चालवता का?"

"बस," मिर्योंग म्हणाली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. नंतर ती जे बोलली ते मिर्योंगनं सगळं ऐकलं आणि मान डोलावली. ईसुल शेजारी, डावीकडेच, बसली होती. ती आहे हे मिर्योंगला तिच्या श्वासावरून कळत होतं.

डेपोत प्यो साहेब कागदी पेल्यात कॉफी ढवळत होते, कॉफीच्याच रिकाम्या पुडीची सुरळी करून. मिर्योंगनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ढवळत राहिले. माणूस वाईट नव्हता. तिला कामावर घेताना वरच्या लोकांशी भांडला होता. "ड्रायव्हरांची तपासणी सप्टेंबरात," शेवटी ते म्हणाले. "सप्टेंबरपर्यंत तुला काही माहीत नाही आणि मलाही काही माहीत नाही."

"मला माहीत आहे, साहेब. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला."

"ऐकू कमी येतं मला अलीकडे." ते हसले नाहीत. "दोन ड्रायव्हर शहरातल्या मोठ्या बसवर निघून गेले, ताई. जाहिरात देऊन तीन महिने झाले, कुत्रं फिरकलं नाही. तू आज गेलीस तर सकाळची पहिली फेरी बंद. वरच्या म्हाताऱ्या दवाखान्यात कशा जायच्या? तू रस्ता डोळे मिटून चालवशील एवढा तुला पाठ आहे."

तेच तर, असं मिर्योंगच्या तोंडाशी आलं होतं. पण रस्ता पाठ आहे हे ऐकताना अंगातून जी ऊब गेली तीही खोटी नव्हती. साठीला तीन वर्षं राहिली होती. मान वळवून वळवून चालवलं तर? मान वळवली की सगळं दिसतंच की. साहेब म्हणाले, आजची दुपार तरी काढ. तिनं खुंटीवरची किल्ली घेतली.

मान वळवत ती चालवत होती. प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडे, मग समोर, मग आरसा, मग पुन्हा डावीकडे. पहिली फेरी झाली, काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत गोदीजवळच्या थांब्यावर ईसुल चढली. भाडं कापणाऱ्या यंत्रावर कार्ड टेकवलं, "नमस्कार" म्हणाली, एखाद्या परक्या बाईसारखी, आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसली. मिर्योंगला वाटलं, आता ही बोलेल. सगळ्यांदेखत बोलेल. बस पुलाखालून वळून चढाला लागली, पहिला थांबा गेला, दुसरा गेला. मग मागून, अगदी हलक्या आवाजात, पुस्तक वाचल्यासारखी ईसुल म्हणाली, "डावीकडून स्कूटर."

"दिसली," मिर्योंग म्हणाली. खरंच दिसली होती.

"डावीकडे छत्रीवाले आजोबा."

मिर्योंगनं नुकतीच मान समोर वळवली होती आणि तिथे कोणी नव्हतं. तिथे भिंत होती आणि कुंड्या होत्या. आरशात, बस पुढे गेल्यावर, छत्री दिसली. ऊन म्हणून उघडलेली, फिकट निळी. आजोबा भिंतीला पाठ लावून उभे होते, बसला जागा देत. त्यांनी हात वर केला. टेकडीवरचे सगळे तिला हात करायचे.

"डावीकडे फाटकातून बाई."

"डावीकडे स्कूटर, लांब आहे."

"डावीकडे मांजर. गेलं."

ईसुलच्या आवाजात तक्रार नव्हती की धाक नव्हता. कामावर चुका लिहून कळवताना ती अशीच लिहीत असावी. एकेक ओळ, कुठे आणि काय. मिर्योंग मनातल्या मनात प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हणत गेली. हो. नाही. नाही. हो. नाही. मान ती वळवत होती. पण मान समोर आली की त्या क्षणात मागे उरलेलं डावं जग पुन्हा पाठ केलेलं होऊन जायचं आणि खरी माणसं त्या पाठांतराच्या आत शिरून उभी राहायची. अकरा वर्षं ही माणसं तिला हात करत होती. त्यांतल्या किती जणांना आपण परत हात केला नाही, हे तिला कधी कळणार नव्हतं. ते म्हणत असतील, आज घाईत असेल. आणि भिंतीला थोडं अधिक चिकटून उभे राहत असतील. कदाचित टेकडीला तिच्याआधी समजलं होतं. कदाचित गेलं वर्षभर सगळी टेकडीच तिला सांभाळून घेत होती.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. तिथून बंदर दिसतं, नांगर टाकलेली जहाजं, आणि दुपारी समुद्र पत्र्यासारखा चकाकत असतो. मिर्योंगनं इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच राहिले.

"आता खाली कशी न्यायची?" ती म्हणाली.

"मी बोलते तशी बोलत राहते," ईसुल म्हणाली. "एवढी एकदाच."

"नाही. साहेबांना फोन लाव. म्हणावं, येऊन घेऊन जा."

साहेब टॅक्सीनं आले. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, चेहरा घामेजलेला. त्यांनी हात पुढे केला आणि तिनं किल्ली दिली. तीस वर्षांपूर्वी ते स्वतः याच रस्त्यावर बस चालवायचे; आता ड्रायव्हरच्या जागेवर चढताना त्यांना दांडा धरून दोनदा प्रयत्न करावा लागला. "उद्याची साडेसहाची फेरी मी नाही नेऊ शकत," ते खिडकीतून म्हणाले. "मला साडेसहाला वरच्या ऑफिसात जाऊन हेच सांगायचंय. ती बंद ठेवावी लागेल, साडेसातची मी आणेन. थांब्यावर पाटी लावायला तरी माणूस कुठंय माझ्याकडे?"

"पाटी नको," मिर्योंग म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही. मी सांगते जाऊन."

घरी येताना दोघी पायऱ्यांच्या वाटेनं उतरल्या. वाटेत ईसुल रडली, थोडीशी, आणि मिर्योंग थांबून उभी राहिली. पडदा बंद आहे हे लेकीनं आपल्याला सांगितलं, न सांगता नुसती वायर लावूनही टाकता आली असती तिला, हे मिर्योंगच्या मनात होतं. पण ते बोलायचं कसं, ते तिला जमलं नाही. "संध्याकाळी मासा आणू या," ती म्हणाली. ईसुलनं नाक पुसलं. "काटे मी काढीन," ती म्हणाली. "काटे समोर असतात," मिर्योंग म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं, पायऱ्यांवर, एकमेकींचे दंड धरून.

सकाळी सव्वासहाला ती पहिल्या थांब्यावर गेली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. बाजारातून माल घेऊन वर जाणाऱ्या चार बायका आणि रात्रपाळीहून परतणारा एक पहारेकरी तिथे होते. गणवेश न घातलेल्या मिर्योंगकडे त्यांनी आधी लक्षच दिलं नाही. ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज साडेसहाची गाडी नाही. साडेसातची आहे, ती साहेब आणतील."

"का? गाडी बिघडली?" कोंग आजींनी विचारलं. मुळ्याच्या पाल्यानं फुगलेली त्यांची पिशवी बाकावर बसली होती, दुसऱ्या कोणाला जागा न ठेवता.

काही झालं नाही, ड्रायव्हर आजारी आहे, असं सांगता आलं असतं. "मी बिघडले," मिर्योंग म्हणाली. "डोळे. बाजूचं दिसत नाही मला. बरेच दिवस दिसत नव्हतं, मला परवा कळलं."

पहारेकऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. आपण यांना रोज वर नेत होतो आणि रोज यांच्या जिवाशी खेळत होतो, हे त्यांच्याही मनात आता हळूहळू उतरत असेल असं वाटून मिर्योंग उभी राहिली. जे काही म्हणतील ते ऐकून घ्यायचं ठरवूनच ती आली होती.

"मग गाडी नाही तर तू कशाला आलीस एवढ्या सकाळी?" कोंग आजी म्हणाल्या.

"सांगायला."

"सांगितलंस ना? मग उभी काय राहिलीस?" आजींनी पिशवीचा एक बंद आपल्या हाती घेतला आणि दुसरा तिच्याकडे केला. "धर. साडेसातपर्यंत पाला सुकून जाईल."

मिर्योंगनं बंद धरला. पिशवी दिसत होती त्याहून जड होती. दोघी चढाला लागल्या, बाकीच्या त्यांच्या मागून, आणि पहिल्याच वळणावर आजी तिच्या उजवीकडून डावीकडे येऊन चालायला लागल्या.